जॉन लिथगो : सहा फूट चार इंचांचा नट

तिसरी घंटा

नटाची तारीफ करायची तर आपल्याकडे एक वाक्य तयारच असतं : "भूमिकेत पार विरघळून गेलाय." अमेरिकन नट जॉन लिथगो कधीच विरघळत नाही. सहा फूट चार इंच उंची, लांबोडका चेहरा, भलंथोरलं कपाळ आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालाही नीट पोचेल असा शब्द न् शब्द. पडद्यावर आला की पहिल्या सेकंदाला कळतं, हा लिथगो. तरीही चर्चिल, सीरियल किलर, परग्रहावरून आलेला प्राध्यापक, पुरुषाची स्त्री झालेली माजी फुटबॉलपटू आणि लेखक रोआल्ड डाल, या सगळ्यांवर माझा बिनतक्रार विश्वास बसला. हे त्याला कसं जमतं यावर बरेच दिवस डोक्यात काहीबाही चालू आहे, म्हणून हा धागा. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते : उत्तर त्याच्या वडिलांच्या नाटक कंपनीत आहे.

वडील आर्थर लिथगो. दिग्दर्शक, निर्माते आणि शेक्सपिअरचे वेडे. ओहायो राज्यात यलो स्प्रिंग्ज नावाचं गाव आहे, तिथल्या अँटिऑक कॉलेजात १९५२ ते १९५७ या काळात त्यांनी शेक्सपिअरची झाडून सगळी नाटकं उघड्यावर लावली. 'हॅम्लेट'-'मॅकबेथ' तर झालीच, पण ज्यांना एरवी कुणी हात लावत नाही तीही. जॉन १९४५ चा, म्हणजे ही नाटकं त्याने सात ते बारा या वयात रोज पाहिली, त्यांत लहानसहान कामंही केली. कंपनी हलली की घर हलायचं, शाळा बदलायची.

आता अशा कंपनीत काय होतं बघा. आज जो राजा, तो परवा चोपदार आणि पुढच्या आठवड्यात विदूषक. प्रेक्षक तेच, गावातलेच. दाढी लावून कितीही वेषांतर करा, समोरच्याला पक्कं ठाऊक असतं की हा तोच कालचा. तिथे ओळख लपवण्यात काही अर्थच नसतो. "मी तोच आहे, पण आज मी राजा आहे, चला" असं उघड सांगून लोकांना सोबत घ्यायचं असतं. लिथगोच्या प्रत्येक कामात मला हा उघड करार दिसतो.

गंमत म्हणजे त्याला नट व्हायचंच नव्हतं. चित्रकार व्हायचं होतं, पोरवयात न्यूयॉर्कच्या आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये तो रीतसर शिकलाही. हलवायाच्या पोराला पेढ्याचं कौतुक नसतं, त्यातला प्रकार. पण हार्वर्डला गेला आणि तिथल्या हौशी नाटकांनी त्याला ओढून घेतलं. १९६७ ला पदवी, मग फुलब्राइट शिष्यवृत्तीवर लंडनच्या 'लाम्डा'त नाट्यशिक्षण. परत आल्यावर काही काळ वडिलांच्याच हाताखाली काम. आणि मग १९७३ : डेव्हिड स्टोरीचं 'द चेंजिंग रूम'. उत्तर इंग्लंडमधल्या एका रग्बी संघाच्या कपडे बदलायच्या खोलीत घडणारं नाटक. न्यू हेवनच्या लाँग व्हार्फ थिएटरहून ते मार्चमध्ये ब्रॉडवेवर आलं. लिथगोचं ब्रॉडवेवर हे पहिलंच पाऊल, आणि तीन आठवड्यांच्या आत हातात टोनी, म्हणजे ब्रॉडवेचा सर्वांत मानाचा पुरस्कार! वय वर्षं सत्तावीस.

सिनेमाला मात्र त्याची दखल घ्यायला आणखी नऊ वर्षं लागली. १९८२ च्या 'द वर्ल्ड अकॉर्डिंग टू गार्प'मध्ये तो रॉबर्टा मल्डून झाला. पूर्वी फिलाडेल्फिया ईगल्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा धिप्पाड खेळाडू, आता बाई. त्या काळच्या सिनेमात असं पात्र बहुतेक वेळा हशा पिकवण्यापुरतं यायचं. लिथगोने एकही चाळा केला नाही, आवाज बारीक केला नाही, मनगटं मुरडली नाहीत. त्या सगळ्या विक्षिप्त गोतावळ्यात रॉबर्टा हीच काय ती शहाणी, मायाळू व्यक्ती वाटते. ऑस्करचं नामांकन मिळालं. पुढच्या वर्षी 'टर्म्स ऑफ एंडिअरमेंट'साठी पुन्हा. दोन्ही वेळा हात हलवत परतला, आणि त्यानंतर ऑस्करवाल्यांनी त्याचं नाव घेतलेलं नाही.

बाकीचं तुम्ही लिहा. मी चहा टाकते.

---

ताकपिठा

तूर्तास रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर रात्री.

---

पत्र्याची पेटी

माझ्यासाठी हा माणूस म्हणजे 'थर्ड रॉक फ्रॉम द सन'मधला डिक सॉलोमन आणि दुसरं कुणीच नाही. १९९६ ते २००१. चार परग्रहवासी माणसांचा अभ्यास करायला पृथ्वीवर येतात, ओहायोतल्या एका गावात कुटुंब म्हणून राहतात, आणि त्यांचा सेनापती कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. माणसाच्या शरीरात पहिल्यांदाच आल्यामुळे त्याला प्रत्येक भावना नवी. राग आला की पायापासून डोक्यापर्यंत, हेवा वाटला की तोही तसाच. घरी आम्ही सगळे टीव्हीला चिकटलेलो असायचो, आणि आजी, जिला इंग्रजी ओ की ठो कळत नव्हतं, ती सगळ्यात जास्त हसायची.

या एका कामासाठी त्याला तीन एमी (टीव्हीचे मानाचे पुरस्कार) मिळाले. त्यात डिकचा मुलगा म्हणून वावरणारा (खरं तर वयाने सगळ्यात मोठा, पण कुमारवयीन देहात अडकलेला) म्हणजे जोसेफ गॉर्डन-लेव्हिट, तेव्हा पोरगेला.

---

तिसरी घंटा

पत्र्याची पेटी, आजींचं उदाहरण एकदम चपखल. आणि बघा, नायक ओहायोतल्या कॉलेजच्या गावात येऊन माणसाचं सोंग शिकतो! लिथगोचं बालपणच ते.

---

कडूकारले

मी विरोधी बाकावर बसतो. मला हा नट बटबटीत वाटतो. 'रिकोशे', 'क्लिफहँगर', 'रेझिंग केन' ओळीने पाहा. डोळे वटारणं, दात दाखवणं, मुद्दाम लावलेले उच्चार. 'रेझिंग केन'मध्ये तर अनेक व्यक्तिमत्त्वं एकाच अंगात, वर त्यांचा बापही तोच. दिग्दर्शक ब्रायन डी पाल्मा असल्यावर आवरणार कोण? नाटकातलं नाटकात शोभतं. कॅमेरा नाकासमोर असताना एवढं कशाला?

आणि ती वडिलांच्या कंपनीची उपपत्ती ऐकायला छान आहे, पण नाटकवाल्यांची शेकडो मुलं नट होतात. सगळी लिथगो होत नाहीत.

---

तिसरी घंटा

कडूकारले, याचीच वाट बघत होते :)

तुम्ही घेतलेले तिन्ही सिनेमे १९९१ ते १९९३ मधले. त्या तीन वर्षांत त्याला खलनायकीची कामं ढिगाने मिळाली हे खरं, आणि 'क्लिफहँगर'मधला तो ब्रिटिश ढंगाचा उच्चार माझ्याही घशाखाली उतरत नाही. पण १९८३ हे एकच वर्ष घ्या.

'ट्वायलाइट झोन : द मूव्ही'तली शेवटची गोष्ट. वादळात सापडलेलं विमान, विमानाला घाबरणारा प्रवासी, आणि पंखावर बसून इंजिन उचकटणारं काहीतरी, जे फक्त त्यालाच दिसतंय. दिग्दर्शक जॉर्ज मिलर, तेच मॅड मॅक्सवाले. लिथगो पहिल्या चौकटीपासूनच भीतीच्या टोकावर असतो आणि तिथून वर जात राहतो. घाम, थरथर, किंकाळी. तुमच्या भाषेत बटबटीत.

त्याच वर्षीचं 'टर्म्स ऑफ एंडिअरमेंट'. आयोवातला लाजाळू बँकवाला सॅम बर्न्स. सुपरमार्केटच्या गल्ल्यावर नायिकेचे, म्हणजे डेब्रा विंगरचे, पैसे कमी पडतात, मुलं शेजारी उभी, गल्ल्यावरची मुलगी तोंड वाकडं करून बोलते. मागच्या रांगेतून हा पुढे होतो, कमी पडलेले पैसे भरतो आणि त्या मुलीला तिच्या उद्धटपणाबद्दल शांतपणे दोन शब्द सुनावतो. आवाज चढत नाही. एवढा उंच माणूस, पण आपण कुणाच्या वाटेत तर येत नाही ना अशा बेताने उभा असतो.

आणि त्याच वर्षी टीव्हीवर 'द डे आफ्टर'. अणुयुद्धानंतरचं कॅन्सस, त्यात हा विद्यापीठातला प्राध्यापक.

एका वर्षात तीन वेगवेगळ्या पट्ट्यांत गाणारा माणूस आवरता येत नाही म्हणून मोठा होतो असं कसं म्हणायचं? कुठे किती लागतं हे त्याला कळतं. विमानाच्या गोष्टीत तेवढंच लागत होतं.

तुमचा दुसरा मुद्दा मान्य. सगळी मुलं लिथगो होत नाहीत. पण उंचीचं काय करायचं हा प्रश्न सगळ्यांपुढे नसतो, त्याच्यापुढे होता.

---

पत्र्याची पेटी

विमानावरून आठवलं! ती गोष्ट मूळ टीव्ही मालिकेत १९६३ मध्ये झाली होती आणि तो प्रवासी होता विल्यम शॅटनर. पुढे 'थर्ड रॉक'मध्ये शॅटनर सॉलोमन मंडळींचा वरिष्ठ म्हणून आला. विमानतळावर उतरल्यावर तो सांगतो की प्रवास भयंकर झाला, पंखावर काहीतरी बसलेलं दिसलं. आणि लिथगो हादरून म्हणतो की माझ्याही बाबतीत अगदी हेच झालं होतं. ज्यांना माहीत होतं ते सोफ्यावरून खाली पडले, बाकीच्यांना कळलंच नाही काय झालं ते.

---

एडिसनकर

न्यू जर्सीतून हजेरी. धागाकर्तीने प्रिन्स्टनचा उल्लेख केला नाही म्हणून भर घालतो. आर्थर लिथगो पुढे प्रिन्स्टनच्या मॅकार्टर थिएटरचे प्रमुख होते. आमच्याकडची निम्मी मराठी मंडळी तिथे मुलांना डिसेंबरात 'ख्रिसमस कॅरल' दाखवायला नेतात, पण लिथगो तिथेच उमेदवारी करत होता हे फार जणांना माहीत नसतं.

मी त्याला दोनदा रंगमंचावर पाहिलंय. पहिल्यांदा २०१४ च्या उन्हाळ्यात, सेंट्रल पार्कच्या डेलाकोर्ट थिएटरमध्ये 'किंग लिअर'. नाटक फुकट असतं, पण पहाटेपासून रांग. थोरली मुलगी गॉनरिल होती ॲनेट बेनिंग. उघड्यावरचं नाटक, वर विमानांची घरघर, आणि हा अडुसष्ट वर्षांचा माणूस वादळाशी भांडतोय. मला सगळ्यात लक्षात राहिला तो सुरुवातीचा लिअर. गमत्या, खुशीत असलेला म्हातारा, मुलींकडून कौतुक ऐकायला टपलेला. त्यामुळे पुढची पडझड आणखी लागली.

त्याने वडिलांची उघड्यावरची शेक्सपिअरची नाटकं लहानपणी पाहिली हे आज इथे वाचलं, आणि त्या लिअरकडे बघायची नजरच बदलली.

---

बोरीबंदर

एडिसनकर, दुसरं कोणतं पाहिलंत?

---

एडिसनकर

'स्टोरीज बाय हार्ट', २०१८, ब्रॉडवे. एकपात्री. रंगमंचावर खुर्ची, एक जुनं जाडजूड पुस्तक आणि तो. पुस्तक म्हणजे सॉमरसेट मॉम यांनी संपादित केलेला कथासंग्रह, लिथगोच्या घरातला. वडील मुलांना त्यातून वाचून दाखवायचे.

पहिल्या भागात रिंग लार्डनरची 'हेअरकट' ही गोष्ट. छोट्या गावातला न्हावी गिऱ्हाइकाचे केस कापता कापता गावातल्या एका 'विनोदी' माणसाच्या गप्पा सांगतो. सांगणारा खिदळतोय, आणि ऐकणाऱ्याला हळूहळू कळतं की तो माणूस किती नीच होता आणि शेवटी काय घडलं. लिथगोच्या हातात ना कात्री, ना वस्तरा, ना कंगवा. सगळं हवेत. चामड्यावर वस्तरा घासल्याचा आवाजसुद्धा तोंडाने.

दुसऱ्या भागात वुडहाऊसची 'अंकल फ्रेड फ्लिट्स बाय'. यात तो डझनभर माणसं करतो, आणि एक पोपट.

त्यामागची हकिकत त्यानेच रंगमंचावर सांगितली. २००२ च्या सुमारास वडिलांवर मोठी शस्त्रक्रिया झाली. जीव वाचला, पण म्हातारबुवांची जगण्याची इच्छाच गेली. लिथगो सेवेला जाऊन राहिला. काही केल्या ते खुलेनात. तेव्हा त्याला हे पुस्तक आठवलं. कोणती गोष्ट वाचू विचारलं, तर त्यांनी अंकल फ्रेड निवडली. वाचता वाचता वडील हसले. पुढे ते आणखी दीडेक वर्ष जगले.

---

बोरीबंदर

वा! वाचनखूण साठवली.

वुडहाऊसचं नाव निघालं म्हणून थोडं अवांतर. पुलं वुडहाऊसचे केवढे भक्त होते हे इथल्या जुन्या मंडळींना सांगायला नको. आणि 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी करताना तेही हेच करायचे. वेषांतर नाही, रंगरंगोटी नाही, मान एवढीशी वळली की दुसरा माणूस. समोर पुलं उभे आहेत हे आपण क्षणभरही विसरत नव्हतो, आणि तरी चाळ दिसायची. धागाकर्तीचा 'उघड करार' मला या उदाहरणावरून पटला. कथाकथन, कीर्तन पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. बुवा बुवाच असतात, आणि द्रौपदीही होतात.

अंकल फ्रेडची गोष्ट ज्यांनी वाचली नसेल त्यांनी ताबडतोब वाचा. लॉर्ड इकनहॅम आणि त्यांचा पुतण्या पाँगो पावसात भिजू नये म्हणून कुणाच्यातरी घरात शिरतात, पोपटाची नखं कापायला आलोय असं सांगून. पुढे जे होतं ते मी सांगणार नाही.

---

रात्रपाळी

इथे अजून कुणी 'डेक्स्टर' या सीरियल किलरवरच्या टीव्ही मालिकेबद्दल कसं बोललं नाही?! चौथा सीझन, २००९. आर्थर मिचेल ऊर्फ ट्रिनिटी किलर. दिवसा चर्चमधला सज्जन, गरिबांना घरं बांधून देणारा, बायकोमुलांत रमलेला. आणि रात्री... टबातलं ते पहिलं दृश्य पाहून मी लॅपटॉप बंद केला होता. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाचा प्रसंग तर विचारूच नका. टेबलाभोवती बसलेलं ते अख्खं कुटुंब किती घाबरलेलं आहे हे हळूहळू उलगडतं. त्याला यासाठी एमी आणि गोल्डन ग्लोब दोन्ही मिळाले. आणि त्या सीझनचा शेवट म्हणजे त्याने डेक्स्टरच्या

---

ताकपिठा

थांबा!! स्पॉयलर नको!! मी तिसऱ्या सीझनवर आहे.

---

रात्रपाळी

संपादित केलं. पण ताकपिठा, पंधरा वर्षं झाली हो. किती दिवस रुमाल टाकून बसणार?

---

तिसरी घंटा

रात्रपाळी, ट्रिनिटीबद्दल एक निरीक्षण. खलनायक रंगवताना बहुतेक नट चांगुलपणा हा मुखवटा म्हणून दाखवतात, आत खरा राक्षस असतो. लिथगोचा आर्थर चर्चमध्ये मदत करतो तेव्हा ती मदत खरी वाटते. दोन्ही खरं, म्हणून जास्त भीती.

'फूटलूज'चा धर्मोपदेशकही असाच. १९८४ चा तरुणाईचा नाचगाण्याचा सिनेमा, त्यात गावात नाचावर बंदी आणणारा माणूस म्हणजे सरळसरळ खलनायक व्हायला हवा. पण त्याचा मुलगा मोटार अपघातात गेलेला आहे आणि बंदीच्या मुळाशी तेच दुःख आहे. लिथगोने तो बाप केला, कर्मठ बुवा नाही. म्हणून शेवटी तो नरमतो ते पटतं. आणि त्याच १९८४ मध्ये 'बकारू बँझाय'मध्ये तो विस्कटलेल्या केसांचा, वेड्यासारखा इटालियन उच्चार करणारा परग्रहवासी हुकूमशहा! कडूकारले, तुम्ही तो पाहिला तर मला शिव्या द्याल, पण पाहाच.

---

सांजवारा

मला 'द क्राउन' या राणी एलिझाबेथवरच्या मालिकेबद्दल लिहायचंय. चर्चिलच्या भूमिकेत अमेरिकन नट घेतलाय हे वाचून मी नाक मुरडलं होतं, वर उंची अर्धा-पाऊण फूट जास्त. पण पहिल्या सीझनचा नववा भाग पाहिला आणि गप्प बसले.

१९५४. चर्चिलच्या ऐंशीव्या वाढदिवसानिमित्त पार्लमेंटतर्फे त्यांचं चित्र काढून घ्यायचं ठरतं. चित्रकार ग्रॅहम सदरलंड. भागभर दोघांच्या बैठका चालतात. चर्चिल स्वतःही हौशी चित्रकार, त्यामुळे जुगलबंदी रंगते. चार्टवेलच्या घरातलं एकच तळं ते पुन्हा पुन्हा का रंगवतात यावर सदरलंड बोट ठेवतो, आणि त्या बोलण्यातून चर्चिलची लहानपणी गेलेली मुलगी वर येते. लिथगो तिथे काही करत नाही. नुसता बसलेला असतो. कडूकारले यांनी एवढा एक प्रसंग पाहावा.

नंतर चित्राचं अनावरण होतं, आणि म्हातारपण इतकं उघडं पाहून चर्चिल खवळतात. प्रत्यक्षातही त्यांना ते चित्र अजिबात आवडलं नव्हतं आणि पुढे घरच्यांनी ते नष्ट करवलं. या कामासाठी लिथगोला २०१७ चा एमी मिळाला.

(धागाकर्तीने तो चित्रकार होता होता राहिला असं लिहिलंय. मला ते वाचून त्या बैठकांची वेगळीच मजा वाटली.)

---

कडूकारले

सांजवारा, तुमच्या आज्ञेवरून पाहिला. बरा आहे.

म्हणजे चांगला आहे. पण तिथे त्याच्यासमोर सदरलंड झालेला स्टीफन डिलेन आहे, जो एक भुवईसुद्धा जास्त हलवत नाही. समोरचा असा असला की लिथगोला लगाम बसतो. माझं मत कायम : हा दुसऱ्याच्या आधाराने चांगला होणारा नट आहे. 'लव्ह इज स्ट्रेंज'मध्ये आल्फ्रेड मोलिना आहे, म्हणून तिथेही चांगला. (तो सिनेमा मात्र खरंच पाहा. चार दशकं एकत्र राहिलेलं पुरुष जोडपं, लग्न करतात म्हणून एकाची नोकरी जाते, घर परवडेनासं होतं आणि म्हातारपणी दोघांना वेगवेगळ्या नातेवाइकांकडे राहावं लागतं. आपल्याकडच्या वाटण्या झालेल्या आईबापांची आठवण येते.)

---

तिसरी घंटा

कडूकारले, "दुसऱ्याच्या आधाराने चांगला होणारा" ही तुम्ही निंदा म्हणून लिहिलीत, मी ती तारीफ म्हणून ठेवून घेते. चरित्र अभिनेत्याने आणखी काय करायचं असतं?

पण एकट्याच्या जोरावरही त्याने नाटकं ओढलीत. १९८८ चं 'एम. बटरफ्लाय' घ्या. डेव्हिड हेन्री ह्वांगचं नाटक, खऱ्या घटनेवर बेतलेलं. एक फ्रेंच मुत्सद्दी चिनी ऑपेरातल्या गायिकेच्या प्रेमात पडतो, संबंध वीस वर्षं टिकतो, आणि शेवटी कळतं की ती पुरुष होती आणि हेरही. लिथगो तो मुत्सद्दी, रने गालिमार. नाटक सुरू होतं तुरुंगाच्या कोठडीत, आणि तो थेट प्रेक्षकांशी बोलतो : जगभर माझी टिंगल चाललीय, तुम्हीही हसा, पण माझी बाजू ऐका. समोरच्या हजार माणसांना आपल्या मूर्खपणात सामील करून घ्यायचं काम! टोनीचं नामांकन त्याला मिळालं, पुरस्कार समोरच्या बी. डी. वाँगला.

त्याचा दुसरा टोनी आला २००२ मध्ये आणि तोही संगीत नाटकासाठी, 'स्वीट स्मेल ऑफ सक्सेस'. २००७ मध्ये इंग्लंडात रॉयल शेक्सपिअर कंपनीत 'ट्वेल्थ नाइट'मधला मॅल्व्होलिओ केला. मधेच २००३ ला न्यूयॉर्क सिटी बॅले कंपनीसाठी 'कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स'चं निवेदन लिहिलं, आणि त्यात स्वतः हत्ती म्हणून नाचला. लहान मुलांसाठी पुस्तकं, गाण्यांच्या ध्वनिफिती वेगळ्याच. 'श्रेक'मधल्या बुटक्या लॉर्ड फरक्वाडचा आवाजही याचाच. बुटकेपणावर सगळा सिनेमाभर विनोद, आणि आवाज सहा फूट चार इंचांचा.

---

थेम्सकाठ

मी २०२५ मध्ये लंडनला 'जायंट' पाहिलं. कुणीतरी लिहील म्हणून थांबले होते.

मार्क रोझेनब्लाटचं पहिलंच नाटक, दिग्दर्शक निकोलस हाइटनर. २०२४ ला लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये झालं, मग वेस्ट एंडला, म्हणजे तिथल्या ब्रॉडवेवर. काळ १९८३ चा उन्हाळा, जागा रोआल्ड डालचं घर. डालने एका पुस्तकाच्या परीक्षणात इस्रायलवर टीका करता करता ज्यू लोकांबद्दलच विखारी लिहिलेलं आहे, गदारोळ उठलाय, नवं पुस्तक तोंडावर आहे आणि प्रकाशकाची माणसं माफी मागा म्हणून गळ घालायला आली आहेत. जेवणाचं टेबल, दुपार, आणि मधोमध हा लांबलचक म्हातारा. डाल स्वतः सहा फुटांच्या वर, त्यामुळे या वेळी लिथगोला उंची लपवायची गरजच नव्हती.

पहिल्या अर्ध्या तासात मी त्याच्या प्रेमात पडले होते. खट्याळ, हजरजबाबी, पाठदुखीने कुरकुरणारा आजोबा. सगळं नाट्यगृह हसत होतं. आणि मग तो तोंड उघडून जे बोलायला लागतो, ते ऐकताना आपण मघाशी याच्याबरोबर हसत होतो याचीच लाज वाटते. मध्यंतरात कुणी फार बोलत नव्हतं. त्याला यासाठी ऑलिव्हिए, म्हणजे लंडनच्या रंगभूमीचा मानाचा पुरस्कार मिळाला, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी. नाटक पुढे ब्रॉडवेलाही जायचं ठरलं, एडिसनकर, तुम्ही नंबर लावाच.

---

ताकपिठा

रुमाल उचलला, आता लिहितो. डंबलडोरचं काय? एचबीओच्या नव्या हॅरी पॉटर मालिकेत तो डंबलडोर आहे हे २०२५ च्या फेब्रुवारीत जाहीर झालं. आधीचे दोघे, रिचर्ड हॅरिस आणि मायकल गँबन, जन्माने आयरिश. आता थेट अमेरिकन. मला चालेल. पण ज्याने रॉबर्टा मल्डून केली त्याने रोलिंगबाईंच्या मालिकेत काम करावं का, यावरून त्याच्यावर बरीच टीका झाली.

---

रात्रपाळी

टीका होणारच. रोलिंग यांची ट्रान्स व्यक्तींबद्दलची मतं सगळ्यांना माहीत आहेत, आणि मालिकेच्या त्या निर्मात्यांपैकी एक आहेत. २०२५ मध्येच त्याचा 'जिम्पा' नावाचा सिनेमा आला, त्यात तो ॲमस्टरडॅममध्ये राहणारा समलिंगी आजोबा आहे आणि त्याचं नातवंड नॉनबायनरी, म्हणजे स्वतःला ना पुरुष ना स्त्री मानणारं. एका हाताने हे आणि दुसऱ्या हाताने ते, लोक विचारणारच ना?

---

बोरीबंदर

विचारावं. पण मग 'जायंट'ही विचारात घ्या. लेखक नीच बोलला तर त्याच्या पुस्तकांचं काय करायचं, हाच त्या नाटकाचा विषय. तो नट रोज रात्री त्या प्रश्नात उभा राहून मग डंबलडोरच्या दाढीसाठी गेला. त्याने विचार केला नसेल असं मला वाटत नाही. तो चुकला असं म्हणायला तुम्ही मोकळे आहात.

---

रात्रपाळी

मी म्हणते.

---

कडूकारले

मी इथे रात्रपाळींच्या बाजूने, आणि नटाच्याही. वाक्य नीट लागत नसेल तर दोनदा वाचा.

---

तिसरी घंटा

रोलिंग यांच्यावर इथे आधीच दोन धागे आहेत आणि दोन्हींना कुलूप लागलंय, तिसऱ्याला नको. मला वैयक्तिक खंत एवढीच की या मालिकेत त्याची बरीच वर्षं जाणार. ऐंशीनंतरची वर्षं मी नाटकाला दिली असती. पण ती माझी नाहीत.

---

ओसरी

उशिरा आले, सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी त्याचं 'इंटरस्टेलर' सोडून काहीही पाहिलेलं नाही. (तो मक्याच्या शेतातला आजोबा हाच, हे आज कळलं!) घरी अकरावीतला मुलगा आहे, आठवड्याला एकच सिनेमा किंवा दोन भाग एवढाच वेळ मिळतो. कुठून सुरुवात करू?

---

पत्र्याची पेटी

'थर्ड रॉक', पहिला सीझन. मुलाला घेऊन बसा.

---

सांजवारा

'क्राउन'चा नववा भाग. आधीचे आठ नाही पाहिले तरी चालेल.

---

तिसरी घंटा

ओसरी, मी वेगळं सांगते. एका शनिवारी 'टर्म्स ऑफ एंडिअरमेंट', पुढच्या शनिवारी 'ट्वायलाइट झोन'मधली फक्त शेवटची गोष्ट, ती वीसेक मिनिटांची आहे. क्रम उलटा करू नका, नाहीतर बँकवाल्याचीही भीती वाटेल. 'डेक्स्टर' मुलगा बारावी पार झाल्यावर.

---

ओसरी

चालेल. 'टर्म्स'ला रुमाल जवळ ठेवावा लागतो का?

---

ताकपिठा

माझा घ्या, आता रिकामाच आहे.